मध्यरात्री म्हाताऱ्या माणसाला घेऊन ग्रामीण रुग्णालयात जाताना

ओसरीवरून | रविवार, रात्री ९:१५

मागच्या आठवड्यात आमच्या घरी जे झालं ते सविस्तर लिहिते आहे. गावाकडे आईवडील, सासूसासरे असलेले इथे बरेच जण आहेत. निदान त्यांनी तरी वाचावं.

सासूबाई ७६ वर्षांच्या. चौदा वर्षांपासून साखर, बीपीचीही गोळी चालू. तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय आमच्या गावापासून अकरा किलोमीटर. त्या दिवशी एकादशी होती. दिवसभरात घासभर वरीचा भात आणि दोन वेळा चहा, एवढंच पोटात. साखरेची गोळी मात्र वेळेवर घेतली, कारण "गोळी चुकवायची नाही" हे आम्हीच त्यांच्या मनावर बिंबवलेलं. रात्री दोनच्या सुमारास त्या उठून बसल्या आणि माझ्या नवऱ्याला त्यांच्या वारलेल्या भावाच्या नावाने हाका मारायला लागल्या. अंग घामाने चिंब, पदराचं भान नाही, जवळ गेलं की शिव्या. या बाईच्या तोंडून मी बावीस वर्षांत वावगा शब्द ऐकलेला नाही. शेजारच्या काकू म्हणाल्या, बाहेरचं असेल, मीठमोहऱ्या उतरवून टाका. चुलतसासरे म्हणाले, वय झालं की माणूस असं बरळतंच, सकाळी बघू.

आम्ही दीराच्या जीपमधून नेलं. कॅज्युल्टीत एकच डॉक्टर होते, ते मोटारसायकलवरून पडलेल्या दोन पोरांना टाके घालत होते. "म्हातारपणात होतं असं, बसवा बाकावर" असं तिथल्या एकाने सांगितलं. आम्ही बसवलं. वीसेक मिनिटं गेली असतील. तिथून जाणाऱ्या एका सिस्टरनी सासूबाईंचा हात सहज धरला, "अंग इतकं गार कसं?" म्हणाल्या आणि तिथेच बोटाला सुई टोचून साखर बघितली. ३४. ग्लुकोज शिरेतून गेलं आणि पाचेक मिनिटांत सासूबाईंनी डोक्यावर पदर घेऊन विचारलं, "मला इथं का आणलंय?"

इथवर देवाची कृपा. चूक पुढे झाली. डॉक्टर थांबा म्हणत होते, पण बारस सोडायची म्हणून सासूबाईंनी धोशा लावला, आणि त्या ठणठणीत दिसत होत्या, म्हणून आम्ही सही करून सहा वाजता घरी आणलं. साडेदहाला परत तेच. या खेपेला बरळणंही नाही, नुसत्या पडून, हाकेला ओ नाही. मग जिल्ह्याला तीन दिवस.

आता त्या घरी आहेत, हिंडताफिरताहेत. पण ती वीस मिनिटं माझ्या डोक्यातून जात नाहीत. अशा वेळी घरच्यांनी काय सांगायचं, काय विचारायचं, सोबत काय न्यायचं? इथे कुणी डॉक्टर, सिस्टर असतील तर लिहा. इतरांनीही आपले अनुभव लिहावेत.

पांदीची_वाट | रविवार, रात्री ९:५०

ताई, सासूबाई बऱ्या आहेत हे वाचून बरं वाटलं. पण साखर एकदा वर आल्यावर काही तासांत परत का उतरली? ग्लुकोज कमी पडलं का?

रात्रपाळी | रविवार, रात्री ११:३०

मी नऊ वर्षं ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी आहे (तुमच्या जिल्ह्यात नाही). आधी साखरेचं सांगतो, कारण हे माहीत नसल्यामुळे माणसं जातात.

ग्लिबेनक्लामाइड, ग्लिमेपिराइड या जातीच्या गोळ्या स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावतात. पोटात अन्न असो वा नसो, त्यांचं काम चालूच राहतं. म्हातारपणी मूत्रपिंड मंदावलेलं असतं, त्यामुळे गोळी अंगातून लवकर बाहेर पडत नाही. शिरेतून दिलेलं ग्लुकोज थोड्या वेळात वापरून संपतं, गोळी मात्र दिवसभर उरते. म्हणून या गोळ्यांनी साखर उतरली असेल तर माणूस उठून बसला, बोलला, चहा प्यायला तरी किमान २४ तास रुग्णालयात ठेवून दर थोड्या वेळाने साखर बघावी लागते. "थांबा" नुसतं म्हणून भागत नाही, का थांबायचं तेही आम्ही सांगायला हवं. तुमच्या बाबतीत कदाचित तेवढंच राहून गेलं.

आता त्या वीस मिनिटांबद्दल. बाजू घेत नाही, पण चित्र सांगतो. ग्रामीण रुग्णालय म्हणजे ३० खाटा. रात्री बहुधा एक डॉक्टर, एक-दोन सिस्टर, एक कक्षसेवक. त्याच डॉक्टरला प्रसूतिगृहातून हाक येते, तोच सर्पदंशाच्या माणसाचं रक्त २० मिनिटांनी गोठतं का ते बघत असतो, पोलीस केसचे कागदही त्यालाच भरायचे. या गर्दीत जो ओरडतो, ज्याचं रक्त वाहतं, त्याच्याकडे आधी लक्ष जातं. म्हातारं माणूस ओरडत नाही. ओरडलं तर आपण त्याला "भ्रमिष्ट" म्हणून मोकळे होतो.

आणि म्हातारपणी दुखणं पुस्तकातल्यासारखं येतच नाही. छातीत जंतुसंसर्ग आहे पण ताप नाही, नुसतं जेवण तुटलेलं. हार्टअटॅक आहे पण छातीत दुखत नाही, फक्त दम लागतोय, घाम येतोय, नाहीतर "पोटात कसंतरी होतंय". साखरेच्या माणसात तर हे फारच. आतून रक्तस्राव होतोय, तरी नाडी वाढत नाही, कारण बीपीच्या काही गोळ्या नाडीला वाढूच देत नाहीत. बीपी ११० आलं की आम्ही "नॉर्मल" लिहितो, आणि त्या माणसाचं रोजचं बीपी १६० असेल तर ते ११० म्हणजे धोक्याची घंटा. हे आम्हाला कळायचं कुठून? तुम्ही सांगितलंत तरच. पहिल्यांदा भेटलेल्या माणसाचं कालचं रूप आम्हाला दिसत नसतं.

म्हणून दारात शिरताना एकच वाक्य मोठ्याने म्हणा : "काल संध्याकाळपर्यंत या सगळ्यांना ओळखत होत्या, स्वतःच्या हाताने जेवत होत्या, हे रात्री दोनपासून सुरू झालंय." हे वाक्य ऐकल्यावर "वय झालंय" म्हणणं अवघड जातं. वयाने होणारा विसराळूपणा महिन्यावर्षांत येतो, एका रात्रीत येत नाही. एका रात्रीत माणूस बदललं, म्हणजे आत काहीतरी बिघडलंय : साखर, प्राणवायू, सोडियम, जंतुसंसर्ग, डोक्याला मार, तुंबलेली लघवी, नवीन सुरू केलेली गोळी. यातलं बरंचसं उलटवता येतं.

सिस्टर_आक्का | सोमवार, पहाटे ५:४०

डॉक्टरांनी तुंबलेली लघवी म्हटलं म्हणून लिहिते. आत्ताच ड्यूटी संपली.

खान्देशात असताना एक ऐंशीच्या घरातले बाबा आले होते. रात्रभर आरडाओरडा, सलाईन उपटून टाकायचे. मुलांनी शेवटी धोतराने हात खाटेला बांधले. रेफरची चिठ्ठी तयार होत होती, कारण काय तर "मानसिक". बाबा एकच शब्द धरून बसले होते, "पोटमा, पोटमा". नवीन डॉक्टरांना अहिराणी येत नव्हती आणि पोरं लाजेने काही सांगेनात. मी पोटावर हात ठेवला तर बेंबीखाली नारळाएवढा गोळा. प्रोस्टेटमुळे लघवी अडलेली. नळी घातली, सव्वा लिटर निघाली. बाबा तासभर गाढ झोपले, उठले ते थेट चहा मागत. हात बांधल्याच्या वळांवर मी नंतर बराच वेळ तेल लावत बसले होते.

घरच्यांना माझं सांगणं, लघवी शेवटची कधी झाली, शौचाला कधी गेले, हे न लाजता सांगा. आजी लोक तर लुगड्याला हात लावू देत नाहीत, मुलगा समोर असला तर अजिबातच नाही. सून किंवा लेक असेल तर आत तीच येऊ दे. पाठ, टाचा, माकडहाड बघू द्या. फाट्यावर राहणाऱ्या एका आजी आठ दिवस अंथरुणात पडून होत्या, पाठीची जखम आधी मला दिसली, मग घरच्यांना.

दुसरं, चष्मा, कानाचं यंत्र, कवळी काढून पिशवीत ठेवून देतात, हरवू नये म्हणून. मग त्या माणसाला दिसत नाही, ऐकू येत नाही, शब्द उच्चारता येत नाहीत, वर अनोळखी जागा आणि डोळ्यांवर ट्यूबलाइट. तो बिथरेल नाही तर काय? चष्मा घालू द्या, यंत्र कानात असू द्या. ओळखीच्या माणसाने हात धरून "आपण दवाखान्यात आहोत, सकाळ व्हायचीय अजून" असं शांतपणे सांगत राहायचं. हात बांधण्यापेक्षा हे कधीही चांगलं. गुंगी असेल, नीट गिळता येत नसेल तर कवळी मात्र काढा.

पांदीची_वाट | सोमवार, सकाळी १०:२०

दोघांचेही आभार. पण माझ्या मनात राग आहे तो लिहितोच.

मी पुण्यात नोकरीला. वडील ८१, गावात आईबरोबर. गेल्या पावसाळ्यात मोरीत पाय घसरून पडले, खुब्याचं हाड मोडलं. संध्याकाळी सहाला पडले. ग्रामीण रुग्णालयात चिठ्ठी मिळाली, उपजिल्हा रुग्णालयात जा. तिथे हाडांचे डॉक्टर होते पण भूलतज्ज्ञ रजेवर, म्हणून जिल्ह्याला जा. जिल्ह्याला पोचले तेव्हा पहाटेचे चार वाजून गेले होते. या दहा तासांत त्यांना वेदनेवर नीट औषध मिळालं ते फक्त शेवटच्या ठिकाणी. गाडीच्या प्रत्येक हिसक्याला ते आईचा हात आवळत होते. आई सांगते आणि थांबते. ऑपरेशन सहाव्या दिवशी झालं. त्यानंतर ते चालले नाहीत. फेब्रुवारीत गेले.

शेवटी जिल्ह्यालाच जायचं असेल तर मधल्या दोन दारांवर कशाला थांबायचं? मी तर आता सगळ्यांना सांगतो, तालुक्याला नेऊच नका.

रात्रपाळी | सोमवार, दुपारी ३:०५

दादा, वडिलांबद्दल वाचून फार वाईट वाटलं. खुब्याच्या मोडीत शक्यतो एक-दोन दिवसांत ऑपरेशन व्हावं, असंच वैद्यकशास्त्र सांगतं. म्हातारं माणूस जितके दिवस पडून, तितका न्यूमोनिया, पायातल्या रक्ताच्या गुठळ्या, पाठीच्या जखमा यांचा धोका. सहा दिवस हा उशीरच होता.

चिठ्ठी देणं चूक नाही. ग्रामीण रुग्णालयात खुब्याचं ऑपरेशन होणार नाही, हे मीही मान्य करतो. पण नुसती चिठ्ठी देणं चूक. पाठवण्याआधी वेदनेवर इंजेक्शन, पायाला आधार, सलाईन, गरज असेल तर लघवीची नळी, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पुढच्या रुग्णालयात फोन करून "तुमच्याकडे आज हाडांचे डॉक्टर आणि भूलतज्ज्ञ दोघेही आहेत का" हे विचारणं. तो एक फोन झाला असता तर मधलं दार टळलं असतं. नातेवाइकांनी हे हक्काने मागावं : "साहेब, तिथे फोन लावून द्या आणि कुणाशी बोललात त्यांचं नाव चिठ्ठीवर लिहा."

हा मेहेरबानीचा विषय नाही. पश्चिम बंगालमध्ये १९९२ साली रेल्वेतून पडून डोक्याला मार लागलेल्या एका मजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी जागा नाही, सोय नाही म्हणून परत पाठवलं होतं. पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सांगितलं की सरकारी रुग्णालयाने वेळेवर उपचार न देणं हा घटनेच्या कलम २१ चा, म्हणजे जगण्याच्या हक्काचा भंग आहे. आणि २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात कलम २० आहे. सरकारी रुग्णालयांनी ज्येष्ठांना शक्यतोवर खाट द्यावी, त्यांची रांग वेगळी असावी, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. किती कॅज्युल्टीत वेगळी रांग बघितलीत? माझ्याकडेही नव्हती. गेल्या वर्षी एक बाक आणि एक ट्रॉली वेगळी ठेवली, तेवढंच हाताशी होतं.

पण "तालुक्याला नेऊच नका" हे कृपा करून सांगू नका. ओसरीवरून ताईंच्या सासूबाईंना थेट जिल्ह्याला नेलं असतं तर ३४ साखर घेऊन दीड-दोन तास रस्त्यात गेले असते. साखर, प्राणवायू, झटके, विषबाधा, दंश, यात जवळचं दारच जीव वाचवतं. लकवा वेगळा. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं तर साडेचार तासांच्या आत गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता येतं, पण आधी सिटी स्कॅन लागतो, म्हणजे स्कॅन असलेलंच ठिकाण गाठायला हवं. तिथे पहिला प्रश्न येतो, "शेवटचे नीट कधी होते?" रात्री नीट झोपले आणि सकाळी लकवा दिसला, तर घड्याळ झोपायच्या वेळेपासून धरतात. वेळ लिहून ठेवा.

पांदीची_वाट | सोमवार, दुपारी ४:४०

फोनचं आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही विचारलंही नाही. लक्षात ठेवतो, आई आहे अजून.

वस्तीवरचा | सोमवार, रात्री ८:१०

मी १०८ च्या रुग्णवाहिकेवर डॉक्टर आहे, बीएएमएस. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ पासून आहे, फुकट आहे, गाडीत डॉक्टर असतो. तरी अजून लोक म्हाताऱ्या माणसाला जीपच्या मागच्या बाकड्यावर दोघांच्या मध्ये बसवून आणतात. बेशुद्ध माणूस बसवला की मान पुढे पडते आणि श्वास कोंडतो. एका कुशीवर निजवा. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी, साखर, चहा, तुळशीचं पाणी काहीही घालू नका, ते फुफ्फुसात जातं. शुद्धीत असेल, गिळता येत असेल आणि साखरेची गोळी चालू असेल, तर मात्र तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून लगेच द्या.

फोनवर गावाचं नाव सांगून थांबू नका. आमच्याकडे एका गावाला सात-सात वस्त्या. डांबरी कुठपर्यंत आहे, तिथे कुठली खूण आहे ते सांगा, आणि एकजण बॅटरी घेऊन फाट्यावर उभा राहू द्या. पावसाळ्यात पांदीतून गाडी येत नाही. मग बाजेवर घालून डांबरीपर्यंत आणा, पण निघण्याआधी फोन करा, म्हणजे दोघे एकाच वेळी पोचतील.

आणि गाडीत सोबत तो माणूस चढवा ज्याला गोळ्या माहीत आहेत. बहुतेक वेळा जो धडधाकट पुरुष असतो तो चढतो आणि त्याला विचारलं की "आईला माहीत" म्हणतो. आई घरी रडत बसलेली असते.

मस्कतवाला | सोमवार, रात्री ११:५५

मी गेली अकरा वर्षं ओमानमध्ये. आईवडील दोघंच गावी, सिंधुदुर्गात. या मे महिन्यात गेलो होतो तेव्हा त्यांच्या सगळ्या गोळ्यांच्या पाकिटांचे फोटो काढले, एका कागदावर मोठ्या अक्षरात मराठीत लिहिलं : कुठली गोळी, कधीपासून, कशाची ॲलर्जी, आधीची ऑपरेशनं, रोजचं बीपी किती असतं, शेजाऱ्यांचा आणि माझा नंबर. जुना ईसीजीही जोडला. एक प्रत देवघराच्या फळीत, एक शेजारच्या भाईंकडे. डॉक्टर, यात आणखी काय हवं?

रात्रपाळी | मंगळवार, सकाळी ७:२०

जुना ईसीजी जोडलात हे फार छान. नवा आणि जुना शेजारी ठेवले की बदल ताजा आहे का ते कळतं. दोन गोष्टी वाढवा. एक, एरवी ते काय काय स्वतः करतात : काठी लागते का, आंघोळ स्वतः करतात का, पैसे मोजता येतात का. दुसरी, पुडी.

पुडी म्हणजे सांधेदुखीवर बाजारात, जत्रेत, फिरत्या वैदूकडे मिळते ती. तिच्यात पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. आजी वर्षभर घेतात, गुडघे हलके वाटतात. मग एक दिवस पुडी संपते, त्यातच जुलाब-उलट्या होतात, बीपी कोसळतं आणि सलाईन कितीही दिलं तरी चढत नाही. शरीराने स्वतःचं स्टेरॉइड तयार करणं थांबवलेलं असतं. हे सुचलं तर उपचार एका इंजेक्शनचा आहे. न सुचलं तर माणूस हातचं जातं. वेदनेच्या गोळ्यांचंही तसंच. दुकानातून रोज घेतलेल्या गोळीने पोटात व्रण होऊन काळी शी होते, मूत्रपिंड बसतं. आम्ही रागावू म्हणून लोक लपवतात, आणि आम्ही रागावतोही, ते चुकतं आमचं. सांगा, दाखवा, रिकामी पुडीसुद्धा आणा.

वैदर्भी | मंगळवार, सकाळी ११:१०

चंद्रपूरकडची एक गोष्ट जोडते. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे पारा ४५ च्या वर जातो. बीपीच्या ज्या गोळीने लघवी जास्त होते, ती घेणारी म्हातारी माणसं या दिवसांत सोडियम उतरून ग्लानीत जातात. माझ्या वडिलांना "ऊन लागलं" म्हणून दोन दिवस घरी कांदा आणि पन्हं चाललं होतं. रक्त तपासल्यावर सोडियम १०९, म्हणजे फारच खाली. आता दर उन्हाळ्याच्या तोंडाशी गोळ्या डॉक्टरांना दाखवून घेतो.

कोपऱ्यातली_खिडकी | मंगळवार, दुपारी १:३०

कागदपत्रांचं थोडक्यात : ७० वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, ऑक्टोबर २०२४ पासून. घरातल्या सत्तरीपुढच्यांना मिळून वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार. आधार लागतं. दुखणं यायच्या आधीच काढून ठेवा. ऐन वेळी बोटांचे ठसे उमटत नाहीत, म्हाताऱ्यांची बोटं झिजलेली असतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, त्याला गाठा. आणि तातडीच्या उपचारासाठी कार्ड नाही म्हणून सरकारी रुग्णालय अडवू शकत नाही.

ओसरीवरून | बुधवार, रात्री ९:४०

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले, नवऱ्यालाही वाचून दाखवले. पांदीची_वाट दादा, तुमच्या वडिलांचं वाचताना हे उठून ओसरीत गेले.

सासूबाईंची ती गोळी बंद केली जिल्ह्याच्या डॉक्टरांनी, दुसरी दिलीय. मूत्रपिंडाची तपासणी झाली, थोडं मंद आहे. उपासाच्या दिवशी काय करायचं ते मी नीट विचारून घेतलं. त्यांना मी म्हटलं उपासच सोडा, तर गप्प झाल्या. मग म्हटलं, दूध, राजगिरा, फळं वेळेवर खायची आणि बोटाला सुई टोचून घ्यायची. त्याला हो म्हणाल्या. येत्या एकादशीला मीही उपास धरणार आहे, म्हणजे दोघींचं खाणं बरोबर होईल.

त्यांच्या जुन्या इरकलीची पिशवी शिवली. तिच्यात गोळ्यांचा कागद, कार्डाची प्रत, साखर तपासायचं यंत्र, साखरेची डबी. दाराच्या खिळ्याला लटकवलीय. आशाताईंना दाखवली, त्या म्हणाल्या वाडीतल्या सगळ्या म्हाताऱ्यांच्या घरी करून घेऊ, यादी करते. आमच्या एवढ्याशा गावात साठीच्या पुढचे १४३ निघाले. त्यातले ३१ एकटे राहतात. त्यांच्यासाठी रात्री दोन वाजता गोळ्या माहीत असलेला माणूस कोण, हे आता एकेका घराला विचारत फिरायचंय. उद्यापासून संध्याकाळी शाळा सुटल्यावर सुरू करते.

सिस्टर_आक्का | बुधवार, रात्री १०:०५

ताई, एकटे राहणाऱ्यांच्या दाराची दुसरी किल्ली कुणाकडे आहे तेही विचारा. मागे एक आजोबा आतून कडी लावून पडले होते, दार फोडेपर्यंत सकाळ झाली.

ओसरीवरून | बुधवार, रात्री १०:१२

लिहून घेतलं.